आधी हिशेब, मग खोदाई

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'लहान अणुभट्ट्या' असा विषय कळविला होता. त्यांच्या परवानगीने मी तो जरा आवळून घेतला आहे. अणुभट्टीच्या पोटात काय चालते हे सांगण्यास माझ्याहून अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. मी अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेला माणूस आहे. तेव्हा भट्टीच्या आधी जो खड्डा खणला जातो, त्या खड्ड्याविषयीच मी आज बोलणार आहे.

हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही. अणुविजेवरील आपल्याकडची चर्चा किरणोत्सार, अपघात आणि अण्वस्त्रे या तीन मुद्द्यांभोवती फिरत राहते. ते मुद्दे खरेच आहेत. परंतु एखादा प्रकल्प व्हावा की न व्हावा याचा निर्णय प्रत्यक्षात केव्हा होतो, हे पाहू गेले तर असे आढळते की तो संसदेतील भाषणांच्या वेळी होत नाही, आणि अंतिम परवान्यावर सही होते तेव्हाही होत नाही. कुंपण घालून पोकलेन आत जातो त्या दिवशी तो बहुधा होऊन गेलेला असतो. त्यानंतरच्या सुनावण्या, अहवाल, मंजुऱ्या या झालेल्या निर्णयावर कागद चढविण्याच्या क्रिया उरतात. असे का होते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे आणि ते समजण्यास पदवी लागत नाही.

उदाहरण मुद्दाम परदेशातले घेतो, कारण तेथे कागदपत्रे उघडी असतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, टोरंटो शहराच्या पूर्वेस सुमारे सत्तर किलोमीटरवर, ओंटारिओ सरोवराच्या काठी डार्लिंग्टन नावाचे अणुवीज केंद्र आहे. त्याच आवारात आज पाश्चात्य जगातील पहिल्या व्यापारी लहान अणुभट्टीचे बांधकाम चालू आहे. भट्टीचे नाव बीडब्ल्यूआरएक्स-३००, आराखडा जनरल इलेक्ट्रिक आणि हिताची यांच्या संयुक्त कंपनीचा, क्षमता ३०० मेगावॅट. अशा चार भट्ट्या व्हावयाच्या आहेत आणि पहिली २०३० पर्यंत वीज देईल असे सांगितले जाते. मालक आहे 'ओंटारिओ पॉवर जनरेशन', म्हणजे प्रांतिक सरकारच्या पूर्ण मालकीचे महामंडळ. ही गोष्ट आपण आधीच नोंदवून ठेवलेली बरी. खासगी भांडवलदार लुटतो आणि सार्वजनिक क्षेत्र वाचविते, अशी सोपी मांडणी करून येथे भागणार नाही.

ओंटारिओच्या पदरी पुण्यही आहे. कोळशावर चालणारे शेवटचे वीज केंद्र त्या प्रांताने २०१४ मध्ये बंद केले. त्याची सुमारे निम्मी वीज अणुभट्ट्यांतून येते. डार्लिंग्टनच्या जुन्या चार भट्ट्यांच्या नूतनीकरणाचे अवघड कामही या महामंडळाने १२.८ अब्ज डॉलरच्या अंदाजाला धरून चालविले. तेथील अभियंते आणि कामगार अडाणी वा बेजबाबदार आहेत असे म्हणण्यास कसलाही आधार नाही. म्हणूनच हे उदाहरण मोलाचे आहे. चांगली संस्था असूनही खड्डा आपले काम कसे करतो, ते येथे स्वच्छ दिसते.

तारखांचा क्रम पाहा. या जागेवर नव्या भट्ट्या बांधण्यासाठी पर्यावरणीय परीक्षण झाले आणि परीक्षण मंडळाचा अहवाल २०११ मध्ये आला. जागा तयार करण्याचा परवाना २०१२ मध्ये मिळाला. त्या वेळी विचारात होत्या त्या मोठ्या भट्ट्या; आजच्या या लहान भट्टीचा तेव्हा कागदावरही पत्ता नव्हता. २०१३ मध्ये प्रांतिक सरकारने विजेची मागणी नाही म्हणून बेत गुंडाळला. २०१४ मध्ये न्यायालयाने पर्यावरणीय परीक्षणातील उणिवांमुळे परवाना रद्द ठरविला, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. परवाना जिवंत राहिला. २०२१ च्या ऑक्टोबरात त्याचे नूतनीकरण झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नव्या भट्टीची निवड झाली. २०२२ मध्ये झाडे काढणे, जमीन सपाट करणे, रस्ते, नळ, वीज आणि खोदाई या कामांना प्रारंभ झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅनडाच्या सरकारी पायाभूत सुविधा बँकेने ९७ कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले, तेही अणुबांधकामाच्या आधीच्या टप्प्यासाठी: आराखडा, जागेची तयारी आणि जी यंत्रे बनण्यास वर्षे लागतात त्यांची आगाऊ मागणी.

आता पुढचे पाहा. जुने पर्यावरणीय परीक्षण या नव्या भट्टीलाही लागू पडते, असा निर्वाळा नियामक आयोगाने २०२४ च्या एप्रिलमध्ये दिला. बांधकामाचा परवाना मिळाला ४ एप्रिल २०२५ रोजी. आणि या सर्वाची किंमत किती, हे प्रांतिक सरकारने मंजुरी देताना लोकांना सांगितले ८ मे २०२५ रोजी! म्हणजे जमिनीला पहिला दात लागल्यापासून किमतीचा आकडा जाहीर होईपर्यंत अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला. लग्न लागून, वरात घरी येऊन, मग हुंड्याची बोलणी करावी, तशातला हा प्रकार.

तो आकडा काय आहे? चार भट्ट्यांसाठी २०.९ अब्ज कॅनडियन डॉलर. पहिली भट्टी ६.१ अब्जांची, चौघींच्या सामाईक सोयींसाठी १.६ अब्ज, आणि पुढच्या तीन अनुक्रमे ४.९, ४.२ आणि ४.१ अब्जांच्या. व्याज आणि आकस्मिक खर्च त्यातच धरला आहे. एकूण क्षमता १२०० मेगावॅट. साठ रुपयांचा डॉलर धरला तरी दर मेगावॅटला शंभर कोटी रुपयांच्या वर खर्च जातो. आपल्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये ७०० मेगावॅटच्या दहा स्वदेशी भट्ट्या मंजूर केल्या, तेव्हाचा अंदाज १ लाख ५ हजार कोटी रुपयांचा होता. म्हणजे मेगावॅटला पंधरा कोटी. मजुरीचे दर, व्याज आणि किमतींची वर्षे भिन्न असल्याने ही तुलना तंतोतंत नाही, आणि आपले अंदाजही अंदाजात राहत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरीही सात पटींचे अंतर सगळे मजुरीच्या दरांत जिरून जाईल असे मला वाटत नाही.

आणखी एक बारकावा पाहण्याजोगा आहे. पहिली भट्टी ६.१ आणि चौथी ४.१ अब्जांची, म्हणजे अनुभवाने खर्च एक तृतीयांश उतरणार, हे पहिल्या भट्टीचे काँक्रीट वाळण्यापूर्वीच ताळेबंदात लिहिले गेले आहे. अनुभवाने खर्च उतरतो हे सौर पट्ट्यांबाबत खरे ठरले. अणुभट्ट्यांचा इतिहास तसा सरळ नाही. जैतापूरसाठी जी फ्रेंच भट्टी ठरविली आहे, तिच्याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिल येथे २००७ मध्ये बांधावयास घेतली. अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता. ती वीजजाळ्याला जोडली गेली २०२४ च्या डिसेंबरात, आणि तोवर बांधकामाचा खर्च १३ अब्जांच्या पुढे गेला होता. पन्नासहून अधिक भट्ट्या बांधलेल्या देशाचा हा अनुभव आहे.

आता खड्ड्याकडेच वळू. या भट्टीला इतका खोल खड्डा का लागतो? तिच्यात पाणी फिरविण्यास मोठे पंप नाहीत. तापलेले पाणी वर जाते, थंड झालेले खाली येते, आणि या नैसर्गिक अभिसरणावर सारे चालते. त्यासाठी भट्टीचे पात्र उंच लागते. ते सुमारे २६ मीटर उंच आहे. एवढे उंच पात्र जमिनीवर उभे करून त्याभोवती जाड भिंती बांधण्यापेक्षा इमारतीचा बराच भाग जमिनीतच पुरावा, म्हणजे काँक्रीट वाचेल आणि माती हेच कवच होईल, असा आराखडाकारांचा विचार आहे. म्हणून सुमारे ३५ मीटर खोलीचा गोल कूप खणावयाचा. दहा-अकरा मजल्यांची इमारत त्यात उभीच्या उभी गडप होईल. कल्पना हुशारीची आहे, यात संशय नाही. परंतु तिचा एक परिणाम असा, की काँक्रीटवरचा खर्च काही प्रमाणात जमिनीवर ढकलला जातो, आणि जमीन ही कारखान्यात बनत नाही. 'लहान भट्टी कारखान्यात बनवू आणि जागेवर आणून जोडू' असे जे सांगितले जाते, त्यातून हा कूप वगळावा लागतो. मातीचा थर किती, खडकात भेगा किती, सरोवर वा समुद्र शेजारी असता पाणी किती वेगाने झिरपेल, हे प्रत्येक जागी नव्याने कळते. भोके पाडून आधी अंदाज घेता येतो. पुरते कळते ते खणल्यावरच. विहीर खणणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे विचारा. आणि ते कळते तेव्हा परतण्याची वेळ टळून गेलेली असते.

लवकर खोदाई करण्याच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे, आणि तो लटका नाही. मोठ्या प्रकल्पात व्याज हाच सर्वांत मोठा राक्षस असतो. आराखड्याच्या शेवटच्या रेषा पुऱ्या होईपर्यंत जागा रिकामी ठेवली तर एक-दोन वर्षे वाया जातात. तोवर माती काढून ठेवली तर वेळ वाचतो, पैसा वाचतो. प्रकल्प करावयाचाच असेल, तर हे खरे आहे. परंतु 'करावयाचाच असेल तर' या तीन शब्दांतच सारा प्रश्न दडलेला आहे.

फळ्यावर मांडून दाखवितो. समजा एका प्रकल्पापासून समाजाला होणारा लाभ ८० आहे आणि खर्च १०० आहे. तो हाती घेऊ नये हे शेंबडे पोरही सांगेल. पण हा १०० चा आकडा जाहीर करण्यापूर्वी जागा, खोदाई आणि आगाऊ यंत्रे यांवर ३० खर्चून टाकले, तर काय होते? आता उरलेला खर्च ७० आणि लाभ ८०. पाठ्यपुस्तक सांगते की झालेला खर्च बुडीत समजा आणि पुढचेच पाहा. त्या न्यायाने प्रकल्प पुरा करणेच शहाणपणाचे ठरते. दोन्ही निर्णय आपापल्या क्षणी शास्त्रशुद्ध आहेत, आणि तरीही समाजाचे २० बुडाले आहेत. पुढे खर्च वाढून उरलेले काम पुन्हा ७० चेच राहिले, तरी तेच उत्तर पुन्हा मिळते. खड्डा ज्याच्या हाती, त्याच्या हाती हिशेबाची पाटी. मी अनेक वर्षे हा बुडीत खर्चाचा सिद्धांत विद्यार्थ्यांना तर्कशुद्ध वागणुकीचा नमुना म्हणून शिकविला. त्याचा उपयोग करून प्रकल्प कसे रेटले जातात याविषयी आमच्या क्रमिक पुस्तकांत एक परिच्छेदही नसे.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे दाभोळ आठवल्यावाचून राहणार नाही. एन्रॉनचा करार ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारने रद्द केला, तेव्हा बांधकाम सुरू होऊन अवघे काही महिने झाले होते. त्या काही महिन्यांतील खर्च आणि भरपाईचे दावे यांचा धाक एवढा ठरला की, पुढच्या वर्षाच्या आरंभीच तोच प्रकल्प फेरवाटाघाटींच्या नावाने परत आला, आणि तोही दोन्ही टप्प्यांसह! १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ च्या मे महिन्यात बंद पडली. त्या खर्चाची झळ किती वर्षे पोहोचली हे आपणांस सांगावयास नको.

याच्या उलट जेथे खड्डा खणला गेला नव्हता, तेथे काय झाले तेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत युटा आणि आसपासच्या नगरपालिकांच्या वीजसंघाने आयडाहोतील सरकारी प्रयोगशाळेच्या आवारात न्यूस्केल कंपनीच्या लहान भट्ट्या बसविण्याचे ठरविले होते. २०२३ च्या जानेवारीत कळले की ४६२ मेगावॅटच्या प्रकल्पाचा खर्च ५.३ वरून ९.३ अब्ज डॉलरवर गेला आहे, आणि सरकारी सवलती धरूनही विजेचा दर युनिटला ५.८ वरून ८.९ सेंटवर चढला आहे. तोवर जागेवर भोके पाडून भूगर्भाची तपासणी झाली होती. कूप खणला गेला नव्हता. शिवाय करारात गावांना ठराविक टप्प्यांवर बाहेर पडण्याची मुभा होती. गावांनी आकडेमोड केली, पुरेशी गावे पुढे येईनात, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात प्रकल्प सोडून दिला गेला. छोट्या नगरपालिकांनी हे करून दाखविले, कारण त्यांना किंमत आधी कळली.

दक्षिण कॅरोलायनात असे झाले नाही. तेथे २००७ च्या एका कायद्याने बांधकाम चालू असतानाच ग्राहकांकडून पैसे वसूल करण्याची सोय कंपनीला मिळाली होती. दोन मोठ्या भट्ट्यांसाठी खड्डे खणले, पाये घातले, सुमारे नऊ अब्ज डॉलर खर्चले, आणि २०१७ मध्ये काम सोडून दिले. एक युनिट वीज निघाली नाही. बिलातील वसुली मात्र पुढेही चालू राहिली. अर्जेंटिनातील कारेम ही तर खरोखरच चिमुकली भट्टी, ३२ मेगावॅटची. तिचे पहिले काँक्रीट २०१४ मध्ये पडले आणि दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, ती अर्धवट असतानाच काम थांबले. लहान असल्याने ती लवकर झाली नाही.

या 'लहान' शब्दाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्यात जाहिरातीचा अंश मोठा आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्याख्येप्रमाणे ३०० मेगावॅटपर्यंतची भट्टी लहान. मग आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या कोणत्या? १९६९ मध्ये त्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या म्हणून सुरू झाल्या आणि पुढे १६० वर आणल्या गेल्या. बनविणारी कंपनी जनरल इलेक्ट्रिक, जात उकळत्या पाण्याच्या भट्टीची. डार्लिंग्टनच्या कुपात जी उतरणार आहे ती त्याच घराण्याची पुढची पिढी आहे. जगाने लहान भट्ट्यांपासूनच आरंभ केला आणि मग त्या मोठ्या करीत नेल्या, कारण क्षमता निम्मी केली म्हणून पोलाद, काँक्रीट, पहारेकरी आणि खोदाई निम्मी होत नाही. हा प्रमाणाच्या काटकसरीचा जुना नियम आहे. तो मोडता येईल, पण केव्हा? तीच भट्टी डझनावारी बनविली तर. आणि डझनभर घेणारे गिऱ्हाईक पहिल्या भट्टीची किंमत पाहून येणार की पळणार, ते युटाच्या गावांनी दाखविले आहे.

तारापूरचे स्मरण आणखी एका कारणाने करावयास हवे. ओंटारिओच्या आजवरच्या सर्व व्यापारी भट्ट्या कॅनडाच्या स्वतःच्या कॅन्डू जातीच्या आहेत. त्यांना नैसर्गिक युरेनियम चालते, आणि ते कॅनडाच्याच खाणींतून निघते. नव्या भट्टीला समृद्ध युरेनियम लागते. त्याच्या समृद्धीकरणाचे करार परदेशी कंपन्यांशी झाले आहेत, आणि इंधनाची जुळणी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे होणार आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडावर आयातकर लादले, तेव्हा तेथील पुष्कळांना या परावलंबनाची जाणीव झाली. आपल्याला ती पन्नास वर्षे आधीच झाली होती. तारापूरला तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरविण्याचा करार अमेरिकेने १९६३ मध्ये केला. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्यानंतर तो पुरवठा आटला, आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडे जावे लागले. पुढे चीन झाला, रशिया झाला. भट्टी एकदाच विकत घेतली जाते. इंधन साठ वर्षे घ्यावे लागते. खड्डा खणण्यापूर्वी विचारावयाचा हा प्रश्न आहे.

आता नियमांकडे येतो. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २००७ मध्ये 'बांधकाम' या शब्दाची व्याख्या बदलली आणि खोदाई, जागेची सफाई व सपाटीकरण ही कामे तिच्यातून वगळली. खोदाई म्हणजे बांधकाम नव्हे, हे एकदा कायद्यात लिहिले की परवान्याची वाट न पाहता पोकलेन चालू शकतो. वायोमिंगमधील केमरर येथे टेरापॉवर कंपनीने परवान्याचा अर्ज मार्च २०२४ मध्ये केला आणि जागेवरचे काम तीनच महिन्यांत, जूनमध्ये सुरू केले, ते याच वाटेने. कॅनडात खोदाईला परवाना लागतो, पण तो जागेच्या तयारीचा वेगळा परवाना असतो आणि किमतीशी त्याचा संबंध नसतो. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ बांधकामाची संमती तीन पायऱ्यांत देते: खोदाई, पहिले काँक्रीट, आणि मोठ्या यंत्रांची उभारणी. म्हणजे खोदाई हा बांधकामाचाच भाग आहे असे आपला नियम मानतो. हा नियम अमेरिकेपेक्षा चांगला आहे आणि तो टिकविला पाहिजे. परंतु त्या पायरीवर पाहिली जाते ती सुरक्षितता. खर्च पाहण्याचे काम तेथे कोणाकडेच नाही. शिवाय अणुविजेचा दर आजवर वीज नियामक आयोग ठरवीत नसून केंद्र सरकारच ठरवीत आले आहे. ओंटारिओत निदान महामंडळाला दर वाढवून मागण्यासाठी ऊर्जा मंडळापुढे उघड सुनावणीत उभे राहावे लागते आणि ग्राहक संघटना तेथे उलटतपासणी घेतात. आपल्याकडे तीही खिडकी नाही.

ही सारी चर्चा आज का, असे कोणी विचारील. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लहान भट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपयांचे अभियान जाहीर झाले असून २०३३ पर्यंत निदान पाच स्वदेशी लहान भट्ट्या चालू करावयाच्या आहेत. त्यांतील पहिल्यांपैकी काही तारापूर येथे उभारण्याचे योजले आहे, असे अणुऊर्जा विभागाने सांगितले आहे. २२० मेगावॅटच्या भट्ट्या स्वखर्चाने बांधून घेण्यासाठी खासगी उद्योगांना २०२४ च्या अखेरीसच आवाहन झाले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्वाचा कायदा दोन्ही मोडीत काढले, खासगी कंपन्यांना दार उघडले, आणि सदोष यंत्र पुरविणाऱ्यावर भरपाईचा दावा लावण्याची २०१० मधील तरतूद काढून टाकली. कायद्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'शांती' असे नाव दिले आहे. नावे ठेवण्याच्या कलेत आपले राज्यकर्ते कोणाला हार जाणार नाहीत. त्यात चालकाच्या दायित्वाची मर्यादा भट्टीच्या आकाराप्रमाणे ठरते. सर्वांत मोठ्या गटाला ३००० कोटी, सर्वांत लहान गटाला १०० कोटी. भट्टी लहान म्हणून शेजाऱ्याचे घर, नाव आणि जाळे लहान होत नाही.

तारापूरच्या परिसराला खोदाईची ओळख नव्याने करून द्यावयास नको. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. माडबनच्या सड्यावर नऊशेहून अधिक हेक्टर जमीन घेऊन पंधरा वर्षे उलटत आली. तेथे २०११ मध्ये गोळीबारात एक माणूस गेला. वीज अजून कागदावरच आहे. धरणग्रस्तांच्या चळवळीने या राज्याला 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा दिली आणि कायद्यातही तिला काही अंशी स्थान मिळवून दिले. त्याच धर्तीवर आपली मागणी असली पाहिजे: आधी हिशेब, मग खोदाई.

तिचा अर्थ मी थोडक्यात सांगतो. लहान भट्टीसाठी खोदाईची संमती देण्यापूर्वी संपूर्ण प्रकल्पाची किंमत व्याजासह विधिमंडळापुढे आणि लोकांपुढे ठेवली जावी. विजेचा अपेक्षित दर सांगितला जावा, आणि आज निविदांत मिळणाऱ्या साठवणुकीसह सौर विजेच्या दराशेजारी तो छापला जावा. इंधन कोठून येणार, हे लेखी असावे. प्रकल्प सोडला तर खड्डा कोण बुजविणार आणि झालेला खर्च कोणाच्या बिलात जाणार, हे आधीच ठरावे. माझ्या मते तो ग्राहकाच्या बिलात जाता कामा नये, एवढे एक कलम जरी पदरात पडले तरी निम्मे हौशी गुंतवणूकदार आपोआप घरी जातील. हे काम अणुविजेच्या विरोधकांनीच करावे असे नाही. ज्यांना अणुवीज हवी आहे त्यांनाही दक्षिण कॅरोलायनासारखे उघडे पडलेले खड्डे नको असणार.

आणि किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्यांना एक व्यवहाराची सूचना. खोदाई सुरू झाली म्हणजे सुरुंग लागतात, खड्ड्यातील पाणी रात्रंदिवस उपसले जाते, आसपासच्या विहिरी खाली जातात, भिंतींना तडे जातात. गावकरी तक्रार घेऊन जातात तेव्हा त्यांना विचारले जाते, आधी पाणी किती होते याचा पुरावा काय? तो पुरावा आज गोळा करावयाचा आहे. प्रत्येक पाड्यातील विहिरींची पातळी यंदाच्या वैशाखात आणि पुन्हा दिवाळीनंतर मोजावी. दोरीला गाठी मारून मोजली तरी चालेल. तारीख घालून वहीत लिहावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत ग्रामपंचायतीत पोहोच घेऊन द्यावी. घरांच्या भिंतींची छायाचित्रेही त्याच वहीला जोडावीत. त्यासाठीचा नमुना मी तयार करून आणला आहे. त्याच्या प्रती संयोजकांकडे आहेत. जाताना प्रत्येक तालुक्याने घेऊन जाव्यात.